गाडीचं काम झालंय का?

माझ्या पिकअपमधली सगळ्यात मोठी खोट म्हणजे मी तिच्या इंजिनावर घातलेले नव्वद हजार रुपये. हे मला काल कळलं, तेही माझ्याच ओट्यावर बसून माझाच चहा पिणाऱ्या माणसाकडून.

गाडी २०१४ची. उन्हाळ कांदा भरून पिंपळगाव, नाहीतर लासलगाव. राहुड घाटात तिनं धूर ओकला आणि मिस्त्रीनं इंजिन खोललं. लायनर-पिस्टन, नोझल, हेड, वर क्लचप्लेट. आता खणखणीत चालते. पण घाटात एकदा दगा दिलेल्या गाडीवर पुन्हा मन बसत नाही, म्हणून विकायला काढली. एजंट गिऱ्हाईक घेऊन आला. गिऱ्हाईक बिचारं गरीब होतं. त्यांच्यामागून अण्णा आले.

अण्णांना कुणी बोलावलं नव्हतं. आयुष्यात त्यांनी बैलगाडीपलीकडे काही हाकलेलं नाही. पण परक्या नंबरची मोटरसायकल गावात शिरली की अण्णा पारावरून उठतात. आल्या आल्या त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि वैद्यानं नाडी धरावी तसा चालू इंजिनावर हात ठेवून डोळे मिटले. मग ऑइलचं झाकण काढून भोकावर उलटं ठेवलं. बॅक कॉम्प्रेशन असलं, म्हणजे झिजलेल्या इंजिनातला दाब उलटा येत असला, तर झाकण नाचतं, एवढं त्यांना कुठूनतरी ठाऊक होतं. झाकण जागचं हललं नाही. मी छाती फुगवली.

"नाचत नाही," अण्णा गिऱ्हाइकाला म्हणाले.

"मग चांगलंच की," गिऱ्हाईक म्हणालं.

"अरे, अकरा वर्षांची गाडी, नाचायला पाहिजे. नाचत नाही म्हणजे काम झालंय."

"झालंय ना अण्णा, नव्वद हजारांचं. बिलं आहेत," मी म्हणालो.

"बघ! स्वतःच कबूल करतोय. काम झालंय म्हणजे गाडी गेलेली होती."

"आणि काम केलं नसतं तर?"

"तर काम निघालं असतं."

यावर काय बोलणार? बिलांची पिशवी मी परत खुंटीला टांगली. एजंटानं गिऱ्हाइकाला बाजूला नेलं आणि तीन लाखांचे दोन साठ झाले. वर ट्रायल मारायची म्हणून अण्णा पुढच्या सीटवर बसले, वाटेत सोसायटीपाशी गाडी थांबवायला लावून खताच्या चार गोण्या हौद्यात टाकल्या आणि आपल्या मळ्यावर उतरवून घेतल्या. उतरताना म्हणाले, "ओढते मात्र बरी." डिझेल माझं.

बरं, ठेवावी म्हटलं तर सरकारही अण्णांच्याच मताचं. मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, दरवर्षी. वर पर्यावरण कर. नवीन नंबरप्लेटचे जीएसटी सोडून ७४५ रुपये मी मुकाट्यानं भरले. जुनी प्लेट स्वच्छ वाचता येत होती, ही गोष्ट वेगळी. गाडी धूर सोडत होती तेव्हाही कर तेवढाच होता आणि लायनर बदलल्यावरही तेवढाच आहे. कर वय बघतो, तब्येत बघत नाही. नवी घ्यायची तर दहा लाखांच्या घरात जाते. कांद्याला भाव पडला की आम्ही गोण्यांचा खर्चसुद्धा अंगावर घेतो, हप्ता कशातून काढायचा?

विकण्यातही सुख नाही. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन एजंट जातो आणि गाडी नावावर करायचं विसरतो. ती पुढे कुणाला ठोकली तर? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय की नोंदणीत ज्याचं नाव, भरपाईला तोच जबाबदार. म्हणजे गाडी एजंटाच्या गिऱ्हाइकाची, खेप त्याची आणि कोर्टाच्या पायऱ्या माझ्या. म्हणून 'आधी ट्रान्स्फर, मग चावी' असं मी म्हटलं, तर एजंटाचं तोंड एवढंसं झालं.

तरी रात्री त्याचा फोन आला.

"भाऊ, दुसरं गिऱ्हाईक आहे. दोन ऐंशी देईल. फक्त एक करा, इंजिनावर जरा धूळ मारा."

"कशाला?"

"फार स्वच्छ दिसतंय. माणूस बिचकतो. आणि ती बिलं दाखवू नका. विचारलं तर सांगायचं, कंपनीतून आल्यापासून पान्याला हात लावलेला नाही."

मी फोन आपटला. नंतर वाटलं, वीस हजारांचा प्रश्न आहे, निदान विचारून तरी घ्यायचं होतं, काळी माती चालेल की मुरूमच पाहिजे.