ल्युपसमधील कोरिया : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपले म्हणणे असे की, ल्युपसमध्ये (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते अशा आजारात) कोरिया, म्हणजे हातापायांच्या अनैच्छिक हालचाली, इतक्या क्वचित होतात की त्यांवर लिहून मी रुग्णांना उगाच घाबरवले. शिवाय युरोपीय व अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी ठरवलेल्या ल्युपसच्या २०१९ च्या निकषांत कोरियाचा उल्लेखच नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शंभर रुग्णांत तो एखाद-दोघांनाच होतो. परंतु २०१९ चे निकष संशोधनासाठी रुग्णांचे वर्गीकरण करण्याकरिता आहेत, निदानाची मर्यादा ठरवण्याकरिता नव्हेत. आणि अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने १९९९ मध्ये ल्युपसमधील मेंदू व मज्जासंस्थेच्या ज्या १९ विकारांची यादी केली, तीत कोरिया आहे.

माझा लेख मुळात निदान झालेल्या रुग्णांपेक्षा निदान न झालेल्या मुलींविषयी होता. कोरिया कधीकधी ल्युपसच्या इतर लक्षणांच्या कित्येक महिने, क्वचित वर्षे आधी येतो. हातातून वस्तू पडतात, अक्षर बिघडते, बाहेर काढलेली जीभ क्षणभरही स्थिर राहत नाही, आणि डॉक्टरांची बोटे पकडायला सांगितली तर मूठ दूध काढल्यासारखी आवळते व सैल होते. एमआरआय पुष्कळदा स्वच्छ येतो, आणि मग 'मुलगी नाटक करते' असे ठरवून सगळे मोकळे होतात.

आपल्याकडे अशा वेळी ऱ्हुमॅटिक फीवरची (घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या, हृदयाला इजा करणाऱ्या व कोरियाही घडवणाऱ्या आजाराची) शंका आधी यावी, हे योग्यच आहे. तथापि तिथेच थांबणे योग्य नाही. घशाच्या संसर्गानंतर कोरिया काही महिन्यांनी उद्भवत असल्याने एएसओ ही त्या संसर्गाची खूण शोधणारी रक्ततपासणी तोवर नॉर्मल झालेली असू शकते, तर निव्वळ ती वाढलेली असल्याने ल्युपस बाद होत नाही. म्हणून हृदयाच्या इकोबरोबर एएनए (ल्युपसमध्ये आढळणारी प्रतिपिंडे) आणि अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे (रक्ताच्या गुठळ्यांशी संबंधित) तपासावीत, एवढाच माझा आग्रह होता. अन्यथा ऱ्हुमॅटिक फीवर समजून पेनिसिलिनची इंजेक्शने वर्षानुवर्षे चालू राहतात आणि मूळ आजार मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. (अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांपैकी एकाने प्रयोगशाळेतील नळीत रक्त गोठायला उशीर लागतो, शरीरात मात्र गुठळ्या होतात, लांबलेला एपीटीटी, म्हणजे तपासणीत रक्त गोठायला लागलेला वेळ, पाहून रक्तस्रावाचीच चिंता करणारे पुष्कळ भेटतात.)

घाबरवण्याविषयी म्हणाल, तर वेळीच ओळखलेला कोरिया स्टिरॉइड व हालचाली आवरणाऱ्या औषधांनी बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतो. गर्भारपणात किंवा इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांमुळे तो उफाळू शकतो, आणि अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे असताना त्या गोळ्यांनी गुठळ्यांचा धोकाही वाढतो. गोळ्यांविषयीचा हा प्रश्न रुग्णेला एकटीला, आई किंवा सासूला बाहेर बसवून, विचारावा लागतो.