गाडी कोरडी आहे

संक्रांतीला आठ दिवस झाले, तरी माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखातलं ग्रीस निघालेलं नाही. ऑफिसात लोक विचारतात, "स्कूटर बिघडली का?" मी "हो" म्हणतो. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला "नाही हो, माझा खेळण्यातला डंपर बिघडला" असं म्हणता येत नाही. निदान ग्वाल्हेरात तरी नाही.

डंपर लेगोचा आहे. चिरंजीव इंजिनिअरिंगला पुण्याला गेले आणि त्यांच्या पलंगाखाली चार खोकी तुकडे राहिले. भंगारात द्यायचे म्हणून दोन वर्षांपूर्वी मी ती खोकी बाहेर काढली, ती अजून बाहेरच आहेत. प्रस्तावना एवढीच.

लोकांना वाटतं, लेगो म्हणजे लाल-पिवळ्या विटांवर विटा रचून घर करायचं. तो वेगळा प्रांत. आमचं घराणं टेक्निकचं, १९७७ पासून चालत आलेलं. आमच्यात विटा नावालाच. भोकाभोकांच्या दांड्या, ॲक्सल, पिना, ॲक्सलवर बसणारे बुश आणि आठ दातांपासून चाळीस दातांपर्यंतचे गिअर. आठ दातांच्या गिअरने चाळीस दातांचा फिरवला की वेग पाचपट उतरतो आणि जोर तितकाच चढतो. मागच्या चाकांमध्ये डिफरन्शियल असतं, वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं, तुमच्या मोटारीत असतं तसंच. सहा पेन्सिल सेल घातले, रिमोट दाबला की गाडी पळते. आता ह्यात हसण्यासारखं काय आहे? पण हसतात. महाराज बाड्यावरच्या बाजारात एका दुकानात मोटर मागायला गेलो तर दुकानदाराने विचारलं, "बच्चा कितने साल का है?" मी म्हटलं, उन्नीस. त्याने माझ्याकडे ज्या कणवेने पाहिलं, ती अजून खुपते. आणि ह्याच बाड्यावर स्टोव्हची पिन मिळते, तीस वर्षं जुन्या मिक्सरची कपलिंग मिळते, कुकरची शिटी सुटी मिळते. आठ दातांचा एक गिअर मात्र सुटा मिळत नाही. त्यासाठी अख्खं खोकं घ्या म्हणतात.

तर यंदा माझ्या डोक्यात आलं की हळदीकुंकवाला बायकांना तिळगूळ डंपरने द्यायचा. जेवणाच्या टेबलावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी येणार, समोर थांबणार, हौदा वर होणार, तिळगूळ वाटीत. कल्पना माझी नाही, ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची आहे. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर रूळ आहेत आणि त्यावर चांदीची आगगाडी. पाहुण्यांसमोर बुधल्या आणि चिरूट घेऊन फिरायची. समोरची बुधली उचलली की गाडी आपोआप थांबायची म्हणतात. माधवराव महाराजांना आगगाड्यांचं वेडच होतं. आज लोक तिकीट काढून ती गाडी बघतात आणि "काय रसिक माणूस!" म्हणत बाहेर पडतात. मी तेच प्लॅस्टिकमध्ये केलं तर त्याला घरात 'पसारा' हा शब्द आहे.

ह्याच राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं टांगायची होती, तर आधी छतावर हत्ती चढवून बघितले अशी गोष्ट इथे प्रत्येक पोराला ठाऊक असते. म्हणजे आधी चाचणी, मग पाहुणे, ही आमच्या गावची रीतच. म्हणून मीही संक्रांतीच्या दुपारी चाचणी घेतली. पोळपाट एका बाजूने पुस्तकावर टेकवून चढ केला, हौद्यात दोन वाट्या तिळगूळ भरला आणि रिमोट दाबला. गाडी अर्ध्यावर गेली, थांबली आणि आतून आवाज आला, कट-कट-कट-कट. हा आवाज ज्याने ऐकलाय त्याच्याच पोटात गोळा येतो. गिअर एकमेकांवरून उड्या मारतात त्याचा तो आवाज. वजन आलं की चौकट किंचित वाकते, दात दातापासून सुटतो. उपाय एकच, चौकटीला आडवी दांडी मारून ती घट्ट करायची. वीस मिनिटांचं काम.

नेमके तेव्हाच आप्पा आले.

आप्पा आमच्या दौलतगंजातल्या वाड्यात मागच्या बाजूला राहतात. वय ऐंशीच्या आसपास. आयुष्यभर नॅरो गेजच्या लोको शेडमध्ये फिटर. ग्वाल्हेर ते श्योपूर, जवळजवळ २०० किलोमीटर, दोन फुटी रूळ, छतावर माणसं. आप्पा रिटायर झाले तरी महिन्यातून एकदा शेडमध्ये चक्कर मारून यायचे. ती गाडी २०२० मध्ये बंद झाली आणि तेव्हापासून आप्पांच्या हाताला ग्रीस लावायला काही उरलेलं नाही. हे मला आधी लक्षात यायला हवं होतं.

त्यांच्या खांद्याला कापडी थैली होती. थैलीतून स्टीलचा डबा काढून त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. "तिळगूळ घे, गोड बोल, बाळ्या." मी त्यांना अजून बाळ्याच. मग त्यांची नजर पोळपाटावर गेली.

"हे काय? चढत नाहीये?"

"चढेल आप्पा. चौकट जरा वाकतेय."

आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, गाडी उचलली, उलटी केली आणि मागचं चाक बोटाने फिरवलं. दुसरं चाक उलटं फिरलं. आप्पांचा चेहरा जो उजळला, तो मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता.

"अरे! डिफरन्शियल?"

"हो."

"खरं?"

"खरं, आप्पा."

"आणि हे काय, चाकाच्या आत?"

"बुश."

"ह्यालाही बुशच म्हणतात?" आप्पा खुर्ची ओढून बसले. "मग हे खेळणं नाही रे!"

मी गहिवरलो. दोन वर्षांत हे वाक्य मला पहिल्यांदा ऐकायला मिळत होतं, तेही एनडीएम-पाच इंजिनांत कमरेपर्यंत शिरलेल्या माणसाकडून. मग मला राहवेना. मी त्यांना काळी पिन आणि करडी पिन दाखवली. काळीच्या अंगावर बारीक कंगोरे असतात, ती भोकात घट्ट बसते. करडी गुळगुळीत, ती फिरण्यासाठी. आप्पांनी दोन्ही पिनांवरून नख फिरवलं आणि मान डोलावली. मग मी जरा वाहवलोच. आठ खुंट्यांच्या फक्त सहा विटा घेतल्या, तर त्या एकमेकींना जोडायच्या ९१,५१,०३,७६५ तऱ्हा होतात, हेही सांगितलं.

आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि तू नेमकी न चढणारी निवडलीस."

तरी मी हसलो. संक्रांत होती.

मग नेहमीची चौकशी झाली. कितीला पडलं? (मी निम्मी किंमत सांगितली.) "एवढ्यात सेकंडहँड लूना आली असती." ॲव्हरेज किती देते? माल किती नेते? मी म्हटलं, दोन वाट्या तिळगूळ. ते म्हणाले, "मग पासिंग एका वाटीचं कर. ओव्हरलोड आहे." एवढं झाल्यावर त्यांनी गाडी कानाला लावून चाक फिरवलं, डॉक्टर छाती ऐकतात तसं, आणि निदान सांगितलं.

"कोरडी आहे गाडी."

मी समजावलं. आप्पा, ह्याला तेलपाणी लागत नाही. प्लॅस्टिक प्लॅस्टिकवर सरकतं, तशीच त्याची रचना आहे. आप्पा म्हणाले, "बरोबर आहे तुझं." आता मला कळतं की आप्पा 'बरोबर आहे तुझं' म्हणतात तेव्हा संभाषण संपलेलं असतं, काम सुरू व्हायचं असतं. तेवढ्यात आतून बायकोने हाक मारली. "अहो, माझे हात गूळपोळीत आहेत, आप्पांचा चहा तेवढा टाका." मी गेलो. आलं किसायला लागलेली तीन-चार मिनिटं धरून, मी आत फार तर दहा मिनिटं होतो.

थैलीत दोन डबे होते. दोन्ही स्टीलचे, दोन्ही एकाच आकाराचे. मी चहा घेऊन आलो तेव्हा दुसरा उघडा होता. आतलं ग्रीस जुन्या चिंचेच्या रंगाचं. आप्पा देवापुढची उदबत्तीची काडी घेऊन एकेका भोकात ते भरत होते. गिअर भरून झाले होते. डिफरन्शियल दिसतच नव्हतं. काळ्या पिनांचे ते कंगोरे, जे घट्ट धरावं म्हणून दिलेत, तेही त्यांनी प्रेमाने बुजवले होते. बोटं पुसायला त्यांनी घेतलेलं फडकं हा मी टेबलासाठी काढून ठेवलेला इस्त्रीचा टेबलक्लॉथ होता.

मी तोंड उघडलं. आप्पांनी तिळगुळाचा डबा पुढे केला.

सांगा, माणसाने काय बोलायचं? वर्षात एकच दिवस असा आहे की ज्या दिवशी आपण गोड बोलायचं जाहीर कबूल केलेलं असतं, आणि आप्पांनी त्यासाठी नेमका तोच निवडला. मी म्हटलं, "वा."

"चालव आता."

आणि गाडी चढली. हे मला लिहावं लागतंय ह्याचाही राग आहे. पोळपाटावर सरळ चढली, कुरकुर नाही, कट-कट नाही. आप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "चौकट म्हणे."

संध्याकाळचं थोडक्यात सांगतो, कारण ते सविस्तर सांगायला आमच्या घरात दुसरं माणूस आहे आणि ते रोज सांगतं. गाडी टेबलाच्या मध्यापर्यंत छान आली. बायका कौतुकाने बघत होत्या. एकीने फोन काढला. मग ग्रीसने आपलं काम केलं. ॲक्सलवरचा बुश, जो फक्त घट्ट बसतो म्हणूनच जागेवर असतो, तो हळूच सरकला आणि डावं मागचं चाक निघून स्वतंत्रपणे खुर्चीखाली गेलं. डिफरन्शियलचा स्वभाव असा की ज्या बाजूला अडथळा नाही तिकडे सगळा फेरा जातो. त्यामुळे चाक नसलेला ॲक्सल गरगर फिरत राहिला आणि चाक असलेली बाजू ढिम्म. (आमच्या ऑफिसातही ज्याच्यावर ओझं नाही तोच जोरात फिरतो. असो.) मी घाईत रिमोटचा दुसरा खटका दाबला. हौदा वर झाला. समोर आमच्या मामेसासूबाई होत्या, पैठणीत. तिळगूळ त्यांच्या मांडीवर पडला आणि तिळगुळाबरोबर जे होतं तेही पडलं.

मामी म्हणाल्या, "डिझेलचा वास येतोय का गं?"

पैठणी ड्रायक्लीनला गेली आहे. पैसे मी देतोय. आप्पा नाही.

त्या रात्रीपासून मी गाडी सोडवतोय. पाचशेच्या वर तुकडे आहेत. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण टाकून एकेक धुवायचा. पाणी चाळीस अंशांच्या आतच हवं, नाहीतर तुकडे आकार बदलतात. बारीक तुकडे मोरीत जाऊ नयेत म्हणून मी एक चाळणी घेतली. ती पुरणयंत्राची होती. त्यावर काय झालं ते लिहीत नाही. भोकातलं ग्रीस काढायला कान कोरायच्या काड्या लागतात, दोन पाकिटं संपली. धुतलेलं वाळवायचं कुठे? चार दिवस ग्वाल्हेरवर धुकं बसलंय, गच्चीवर दुपारी बारालाही समोरची टाकी दिसत नाही. तुकडे पेपरवर पसरून बाजेवर ठेवले, शेजारी पापड. पापड वाळले. आणि आठ दातांचे गिअर चार होते, तीनच सापडतायत.

मधल्या काळात आप्पांनी गल्लीत सांगितलंय की बाळ्याची गाडी त्यांनी चढवून दिली. संध्याकाळच्या प्रकाराबद्दल त्यांचं मत असं की ग्रीस बरोबर होतं, माल प्लॅस्टिकचा निघाला. लोकांना हे पटलंय. परवा समोरच्या वहिनी त्यांच्याकडे चाकं अडकणारी ट्रॉली बॅग घेऊन गेल्या. कोणी माझ्याकडे का येत नाही? डिफरन्शियल मी जोडलं होतं.

काल संध्याकाळी मी चाळणी घेऊन अंगणात बसलो होतो. आप्पा आले. खांद्याला तीच थैली.

"काय, गाडी कशी आहे?"

"सोडवली आप्पा. सगळी धुतली."

"धुतलीस?" आप्पा तिथेच थांबले. चष्मा कपाळावर गेला. "साबणाने?"

"साबणाने."

"अरे मग परत कोरडी झाली असेल," असं म्हणून त्यांनी थैलीत हात घातला.