त्या भोकांवर औषध मारू नका

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो पडला. बागेच्या कडेची मोकळी माती, त्यात पेन्सिल जाईल एवढी भोकं, आणि खाली मजकूर: "मधमाश्यांनी जमीन पोखरली आहे, ताबडतोब पेस्ट कंट्रोल बोलवा." दुपारपर्यंत त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. एकाने तर पेव्हर ब्लॉक टाकून विषयच मिटवू असं सुचवलं, त्यालाही टाळ्या. मी तिथे चार ओळी लिहिल्या आणि खोडल्या. ग्रुपवर भांडण नको म्हणून इथे लिहितेय. इथे भांडू.

अहो, तिथे पोळं नाहीये. राणी नाही, मध नाही, अंगावर येणारी फौज नाही. एक भोक म्हणजे एका मादीचं घर. ती एकटी खणते, एकटी पराग आणते, एकटीच अंडी घालते. भोकं शेजारी शेजारी आहेत म्हणून तो काही एक संसार नव्हे. आपणही एका मजल्यावर राहतो, पण चूल कुठे एक आहे?

त्यातल्या एकीला मी चांगली ओळखते. पोटावर निळसर पट्टे, उडणं विजेसारखं. एका सकाळी शेजारच्या पोराची चप्पल तिच्या बिळापासून चार बोटांवर पडली होती. बिळावर नाही, बाजूला. ही बाई मागच्या पायांवर पिवळीधमक भुकटी थापून परत आली आणि गोंधळली. घिरट्या घालतेय, भलत्याच ठिकाणी उतरून माती चाचपतेय, पुन्हा उठतेय. तो पोरगा माझ्याकडे बघत म्हणाला, "काकू, तिचा पत्ता हरवला." त्याने चप्पल उचलली. पुढच्याच फेरीला ती सरळ आत.

घर सोडताना या माश्या बिळाकडे तोंड करून मोठी मोठी वळणं घेतात, आजूबाजूचे खडे, काड्या डोक्यात भरून घेतात. निको टिंबर्गेन नावाच्या शास्त्रज्ञाने मातीत बीळ करणाऱ्या एका गांधीलमाशीच्या दाराभोवती पाइनच्या सुक्या बोंडांचं रिंगण मांडलं आणि ती बाहेर गेल्यावर ते बाजूला सरकवलं. माशी परतली ती थेट रिकाम्या रिंगणात. प्राण्यांच्या वागण्यावरच्या कामासाठी त्याला 1973 साली नोबेल मिळालं. आमच्या पोराला मात्र मातीत खेळतो म्हणून ओरडा मिळाला.

एका चपलेने जिचा पत्ता हरवतो, तिच्यावर तुम्ही फरशी घालणार?

आणि मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते माहितीय? हीच मंडळी "मधमाश्या वाचवा" चे फॉरवर्ड पाठवतात. वर पोळ्याचं चित्र, खाली हात जोडलेले. मधमाशीच्या गोतावळ्यात जगभर 20,000 हून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक मातीत घर करतात. पोळं बांधून मध साठवणाऱ्या त्यात मूठभर. म्हणजे वाचवायच्या त्या फोटोतल्या, आणि दारातल्या आल्या की फवारा!

"पण त्या घोळक्याने जमिनीलगत भिरभिरतात हो, भीती वाटते." ते बहुतेक नर असतात. माद्या बाहेर यायची वाट बघत चकरा मारणारे. त्यांना नांगीच नसते. मादीला असते, पण ती चिमटीत धरल्याशिवाय किंवा पायाखाली आल्याशिवाय सहसा वापरत नाही. हो, काहींना डंखाची ॲलर्जी असते, त्यांनी तिथून अनवाणी जाऊ नये, मान्य. दाराशी गांधीलमाश्यांचं मोठं पोळं लागलं तर बोलवा माणूस, मी आड येणार नाही. पण ही ती गोष्ट नाही.

पुन्हा त्या सकाळीच येते. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आत काय चाललं असेल? अशा माश्या बिळाच्या टोकाला छोट्या कोठड्या करतात, ओल शिरू नये म्हणून बऱ्याच जाती भिंतींना आतून अंगातल्या स्रावाचा लेप देतात. पराग आणि मकरंद कालवून पिल्लाची शिदोरी ठेवतात, एक अंडं घालतात, कोठडी बंद. अळी अंधारात एवढ्यावरच वाढते. आईची आणि तिची बहुतेकदा भेटही होत नाही. हे लिहिताना राग जरा उतरला माझा, खरं सांगते.

शिवाय त्या निळ्या पट्टेवालीचं एक काम पोळ्यातल्या मधमाशीला जमतच नाही. टोमॅटो-वांग्याच्या फुलात पराग बारीक छिद्राच्या नळीत कोंडलेला असतो. ही फुलाला घट्ट धरते, पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवते आणि पराग झडतो. कान देऊन ऐका, भुणभुणीचा सूर अचानक चढतो. गच्चीवर टोमॅटो लावणाऱ्यांनीच ग्रुपवर पहिला अंगठा दिलाय, म्हणून मुद्दाम सांगितलं.

वरची ही भिरभिर थोड्या आठवड्यांची असते. मग सगळं शांत होतं, आणि लोकांना वाटतं "गेल्या एकदाच्या". गेलेल्या नसतात, पुढची पिढी खालीच असते. तेव्हा त्यावर ब्लॉक बसवले की त्या कधीच वर येत नाहीत, आणि आपल्याला कळतही नाही.

मागणं एवढंच आहे: तो कोपरा उघडा राहू द्या. त्यावर औषध नको, उकळतं पाणी नको, पालापाचोळ्याचा जाड थरही नको. फार तर चार विटा लावून हद्द आखू, विटा मी आणते. पण आखायची ती भोकांपासून लांब, चपलेचा किस्सा वर सांगितलाच आहे.

रविवारी मीटिंग आहे. तोवर फवारणी थांबवा असं सेक्रेटरींना कळवलंय. निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही. आपल्या बिल्डिंगमधलं जे कोणी हे वाचतंय त्यांनी लाइक देऊन पुढे जाऊ नका, मीटिंगला या.