विद्यार्थ्यांचं स्वातंत्र्य वेळापत्रकात अडकलंय

विद्यार्थ्यांना स्वातंत्र्य द्यायचं ठरलं की विद्यापीठं पहिलं काम काय करतात? इलेक्टिव्ह, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः निवडायच्या विषयांची भलीमोठी यादी छापतात. यादीत चाळीस विषय असतात, आणि प्रत्यक्ष निवडायची वेळ येते तेव्हा हातात दोन-तीनच उरतात. बाकीचे कुठे तासांच्या भांडणात जातात, कुठे ‘आधी अमुक विषय झालेला हवा’ या पूर्वअटीत अडकतात, कुठे ‘पुरेशी मुलं नाहीत’ म्हणून रद्द होतात. शिक्षणाच्या उद्दिष्टांवर परिसंवाद जरूर घ्या, पण त्याआधी वेळापत्रक लावणाऱ्या माणसाशेजारी एक दिवस बसा. स्वातंत्र्य नेमकं कुठे गळतं ते तिथे दिसतं.

एक साधा हिशेब मांडते. आठवड्याचे पाच दिवस, रोज सहा तास, म्हणजे एकूण तीस तास. प्रत्येक विषयाला आठवड्याला तीन तास धरले तर दहा विषयांपुरती जागा होते. भौतिकशास्त्र विभाग आपले तास आपल्या सोयीने लावतो, भाषाविज्ञान विभाग त्याच्या सोयीने. भौतिकशास्त्राच्या एखाद्या मुलीला ध्वनिविचार शिकायचाय. त्याचे तास सोमवार, बुधवार, शुक्रवार. सोमवार मोकळा आहे, बुधवारही आहे, पण शुक्रवारचा तास तिच्या प्रॅक्टिकलवर येतो. त्या एका तासापायी अख्खा विषय हातचा जातो. नियमावलीत तिला कुठेही मनाई नाही, तरी ती तो विषय घेऊ शकत नाही.

यावर उपाय आहे आणि त्याला फारसा खर्चही नाही. सगळ्या विद्यापीठाचा स्लॉटचा आराखडा एकच ठेवायचा. ‘अ’ स्लॉट म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी नऊ. ‘ब’ म्हणजे तेच दिवस, दहा वाजता. आणि असंच पुढे. विभागाने विषय पूर्ण स्लॉटमध्येच बसवायचा, सुटे तास इकडेतिकडे टाकायचे नाहीत. मग दोन विषय एकतर पूर्ण जुळतात किंवा पूर्ण आड येतात. एका तासासाठी विषय सोडायची वेळ येत नाही. शिवाय दोन स्लॉट असे राखायचे की त्यांत कुठल्याही विभागाने सक्तीचा विषय ठेवायचा नाही. प्रॅक्टिकलकडे मात्र नीट लक्ष हवं. सकाळी सलग तीन तासांचं प्रॅक्टिकल लावलं की ते तीन वेगवेगळ्या स्लॉटांत घुसतं आणि तिन्ही निकामी करतं. म्हणून प्रॅक्टिकल दुपारीच ठेवायची, आणि प्रत्येकाच्या दोन बॅचेस वेगवेगळ्या दिवशी.

आता तासांकडे वळू. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत एका वर्षाला 60 क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचं 25 ते 30 तासांचं काम. त्यात वर्ग, वाचन, लेखन, परीक्षेची तयारी सगळं आलं. वर्षाचे 1500 ते 1800 तास झाले. ते चाळीस आठवड्यांवर पसरले तर आठवड्याला साधारण 38 ते 45 तास पडतात. यातले तीस तास वर्गातच गेले तर स्वतः वाचायला, अडायला, परत मागे जाऊन समजून घ्यायला उरतं काय? अशा वेळी विषय निवडण्याची मुभा म्हणजे कोणत्या वर्गात बसायचं एवढंच ठरवण्याची मुभा. म्हणून माझं ठाम मत आहे की आधी वर्गातले तास वीसच्या आत आणावेत. ‘मग पोर्शन पूर्ण होणार नाही’ ही तक्रार येईलच. येऊ दे. पोर्शन कमी करा.

पूर्ण मोकळीक दिली की सगळं सुरळीत होतं, असंही नाही. हार्वर्डमध्ये चार्ल्स एलियट 1869 मध्ये अध्यक्ष झाले आणि पुढच्या चाळीस वर्षांत त्यांनी सक्तीचे विषय जवळजवळ संपवले. त्यावर टीका झाली ती अशी, की बरीच मुलं सोप्या आणि प्राथमिक विषयांतच फिरत राहतात, खोलात कशातच जात नाहीत. 1909 मध्ये त्यांच्या जागी अध्यक्ष झालेल्या लॉवेल यांनी मग एका विषयात खोली आणि बाकीच्यांत विस्तार अशी चौकट घातली. अमेरिकेतल्याच ब्राउन विद्यापीठाने 1969 मध्ये वेगळी वाट धरली. तिथे सर्वांना सक्तीचे सामायिक विषय काढून टाकले, पण मुख्य विषयाच्या अटी ठेवल्या. विद्यार्थ्याला श्रेणीऐवजी नुसतं ‘समाधानकारक’ असा निकाल मागता येतो, आणि जमला नाही तो विषय बाहेर दिल्या जाणाऱ्या गुणपत्रकावर दिसत नाही.

मला यातला हा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. विद्यार्थी अनोळखी विषयाला हात लावत नाहीत, कारण एक वाईट श्रेणी सरासरी खाली ओढते. तेव्हा दर सेमिस्टरला मुख्य विषयाबाहेरचा एक विषय फक्त पास-नापास तत्त्वावर घेऊ द्या. मात्र तो निर्णय पहिल्या चार आठवड्यांतच कळवायचा. शेवटी विचारलं तर गुण वाईट दिसले की सगळेच पास-नापास निवडतील. विषय बदलायला पहिले दोन आठवडे, आणि सेमिस्टरच्या मध्यापर्यंत सरासरीला धक्का न लागता विषय सोडायची सोय. या तारखा रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवरच छापलेल्या हव्यात, नियमावलीच्या पोटात नकोत.

पूर्वअटींची साखळीही एकदा कागदावर काढून पाहा. तीन विषय एकामागून एक, प्रत्येक वर्षातून एकदाच चालणारा. पहिल्यात अडकलेला विद्यार्थी एका विषयामुळे पूर्ण वर्ष मागे पडतो. ज्या विषयावर पुढचे अनेक विषय टेकलेत तो दोन्ही सेमिस्टरला चालवलाच पाहिजे.

विरोध होतो तो शिक्षकांकडून, आणि त्यामागे खरी भीती असते. इलेक्टिव्हला मुलं आली नाहीत तर वर्कलोड, म्हणजे शिकवण्याच्या तासांचा भार, जातो, वर्कलोड गेला की पद जातं. म्हणून प्रत्येक विभाग आपला विषय सक्तीचा करायला धडपडतो. यासाठी शिक्षकांना आळशी ठरवणं अन्यायाचं आहे. वर्कलोड एका सेमिस्टरचा न मोजता दोन वर्षांच्या सरासरीवर मोजा. कमी मुलांचे विषय वर्षाआड चालवा आणि ते चक्र आधीच जाहीर करा, म्हणजे विद्यार्थ्याला आखणी करता येते.

विषय निवडताना मार्गदर्शन करणाऱ्या सल्लागार शिक्षकाचाही हिशेब असाच आहे. एका शिक्षकाकडे साठ विद्यार्थी असतील आणि प्रत्येकाला वीस मिनिटं द्यायची तर रजिस्ट्रेशनच्या आठवड्यात वीस तास लागतात. ते होत नाही, नुसत्या सह्या होतात. पंधरा विद्यार्थी असतील तर पाच तास लागतात, आणि तेवढे कुणीही देऊ शकतं.

स्वतः आखलेला अभ्यास हा एक विषय प्रत्येकाला घेता यावा. त्याला एक पान पुरतं: प्रश्न काय, काय वाचणार, दर आठवड्याला कधी भेटणार, शेवटी काय देणार आणि कोणत्या तारखेला. ‘प्रश्न काय’ हीच ओळ बहुतेकांना जड जाते, म्हणून पहिले दोन आठवडे तिच्यासाठीच ठेवावेत. आणि शिक्षकाचा हा वेळ वर्कलोडमध्ये धरावा. नाही धरला तर पहिल्या वर्षी हौसेने होतं, दुसऱ्या वर्षी त्या पानावर सही करायला कुणी मिळत नाही.