स्प्रिंटरला नावं कशी ठेवावीत

मालक, जुलै आला की सोलापुरात पार्क चौकातल्या टपरीवर टूर द फ्रान्स या २१ टप्प्यांच्या सायकल शर्यतीचे जाणकार गोळा होतात. त्यांच्यात बसायला सायकल चालवता आलीच पाहिजे असं काही नाही. स्प्रिंटरला, म्हणजे दिवसाचा सपाट टप्पा संपता संपता सुसाट सुटून जिंकणाऱ्याला, नावं ठेवता आली की पुरे. चहा येईपर्यंत शिकून होईल.

पहिलं वाक्य पाठ करा: "दोनशे किलोमीटर दुसऱ्याच्या मागं लपायचं आन् शेवटच्या दोनशे मीटरला पुढं यायचं, ह्याला काय रेस म्हणतेत का बे?" मान डोलावणारे चार जण हमखास मिळतात. एखादा शहाणा सांगू लागेल, की तिथं वेग ताशी ७० किलोमीटरच्या घरात असतो, कोपराला कोपर घासत असतं, अंगावर पातळ कापड सोडून काही नसतं. २०२५ मध्ये स्प्रिंटर यास्पर फिलिप्सननं पहिला टप्पा जिंकला आणि तिसऱ्या टप्प्यात पडून, कॉलरबोन मोडून घरी गेला. त्या शहाण्याला म्हणा, "मग पडायचं कशाला?"

आता घाट. खरी मजा इथं आहे. सपाटीवर जी दणकट मांडी कामाला येते तिचंच आल्प्समध्ये ओझं होतं, म्हणून डोंगर लागला की स्प्रिंटर मागं राहून एक टोळी करतात. तिला ग्रुपेत्तो म्हणतात. कोजागिरीला आपण सोलापुरातून तुळजापूरला चालत निघतो, तसलाच प्रकार: कोण कितवा पोचला हे कुणी विचारत नाही, पोचल्याशी मतलब. फक्त आई भवानी घड्याळ लावून बसत नाही. टूरवाले बसतात. विजेत्याच्या वेळेवर ठरावीक टक्के जादा, तेवढ्यात पोचलात तर उद्या सायकल, नाहीतर सामान बांधा. समजा विजेत्याला ४ तास लागले आणि सूट १५ टक्के, तर हातात ३६ मिनिटं. म्हणजे पुढं टूर जिंकणारा पोगाचार जितका जोरात चढणार तितकी मागच्यांची मिनिटं आटत जाणार. हे हिशेब टपरीवर काढू नका. ऐकणाऱ्याला स्प्रिंटरची दया यायची शक्यता असते.

दाखला हवाच असेल तर २०१८ चा द्या. ला रोझिएरच्या चढावर कॅव्हेंडिश आणि किटेल हे स्प्रिंटर वेळेत पोचले नाहीत, बाद. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझच्या टप्प्यात ग्रायपेल, गाव्हिरिया आणि ग्रुनेवेगन यांनी हात टेकले. त्यातल्या गाव्हिरिया आणि ग्रुनेवेगननं त्याच टूरमध्ये दोन-दोन टप्पे मारले होते, हे गाळा. "पोरांत दमच नाही" एवढं बोला आणि बशीत चहा ओता.

स्प्रिंटर शर्यत सोडून गेला तर पळपुटा. राहिला तर "जिंकायचं नाही तर रस्ता कशाला अडवायचा?" दोन्ही खिशात ठेवा, एका दिवशी एकच काढा. मारिओ चिपोलिनीनं टूरचे १२ टप्पे जिंकले आणि टूर एकदाही पूर्ण केली नाही. डोंगर दिसले की गडी घरी. त्याला मनसोक्त शिव्या घाला. मग जो बिचारा घड्याळाशी झगडत २१ टप्पे रेटून पॅरिस गाठतो, त्याला कळवा की तिथल्या शाँझेलिझे रस्त्यावरची ती स्प्रिंटरांची हक्काची शेवटची झुंजसुद्धा आता त्याची राहिलेली नाही. २०२४ ला ऑलिंपिकमुळं टूर पॅरिसला गेलीच नाही, नीसमध्ये एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध पळून संपली. २०२५ ला गेली, तर वाटेत मोंमार्त्रची टेकडी तीनदा चढायला लावली, आणि तिथून एकटाच सुटून वाउट व्हॅन आर्ट जिंकला. आयोजकांचं कौतुक करायला विसरू नका. (माझं विचाराल तर सपाट टप्प्याचे शेवटचे दहा किलोमीटर बघताना मला जेवण सुचत नाही. पण टपरीवर मी गप्प असतो. चहा बहुतेकदा दुसऱ्याच्या पैशाचा असतो.)

अडचण येते ती कॅव्हेंडिशची. २९ जून २०२४, फ्लोरेन्स ते रिमिनी, पहिलाच टप्पा. ३९ वर्षांचा हा माणूस उन्हात सायकलवरच ओकला, चढावर मागं पडला. संघातले गडी त्याच्यासाठी मागं थांबले, डोक्यावर पाणी ओतत ओतत त्याला वेळेत आत घेऊन आले. इथं तुम्ही सोलापूरकर म्हणून बोला: "हे कसलं ऊन? मे महिन्यात दुपारी दोनला आमच्या होटगी रोडला उभं राहून दाखव म्हणावं." हशा पिकेल. पिकला की विषय बदला. कारण ३ जुलैला सँ-व्हुल्बामध्ये तोच माणूस गर्दीतून वाट काढत पुढं आला, ३५ वा टप्पा जिंकला आणि एडी मर्क्सचा ३४ टप्प्यांचा विक्रम मोडला. कुणी हे उकरून काढलंच तर म्हणा, "मर्क्सनं डोंगरातपण जिंकले, वर पाच टूर घेतल्या." हे खरंच आहे, त्यामुळं समोरचा गप्प बसतो.

राहता राहिली वेळ. टप्पा आपल्याकडं रात्री नऊच्या आसपास संपतो. चार-पाच तास बघत बसायची गरज नाही. नऊला पाच कमी असताना मोबाईल उघडा, शेवटचे दोनशे मीटर बघा आणि लगेच ग्रुपवर टाका: "दिवसभर कुठं होता बे हा?"