नवतप्यातला तीन मजली केक

केकच्या प्रत्येक पाककृतीत एक ओळ हमखास असते : ‘लोणी खोलीच्या तापमानाला आलेलं असावं.’ कुणाच्या खोलीच्या, ते कुणीच लिहीत नाही. ही ओळ पहिल्यांदा ज्याने लिहिली त्याच्या खोलीत वीस अंश असणार, अंगात स्वेटर असणार आणि खिडकीबाहेर पाऊस भुरभुरत असणार. आमच्या नागपुरात मे महिन्याच्या अखेरीला खोलीच्या तापमानाला आलेलं लोणी चमच्याने उचलता येत नाही, फडक्याने पुसावं लागतं. फ्रिजमधून पुडा काढून ओट्यावर ठेवला आणि चष्मा शोधायला गेलो, तर परत येईस्तोवर कागदाच्या घडीत पिवळं तळं साचलेलं. 2013 सालच्या मे महिन्यात या शहराने 47.9 अंश पाहिलेले आहेत. त्या दिवशी इथे कुणी केक करायला घेतला असेल तर मला त्याला भेटायचं आहे.

पण नातीचा वाढदिवसच 28 मेचा, त्याला मी काय करणार? साधारण 25 तारखेला सूर्य रोहिणीत शिरला की नवतपा लागतो आणि पुढचे नऊ दिवस माणूस, जनावर, डांबर सगळेच मऊ पडतात. ओवी जन्मली ती ऐन त्यात. राहते मात्र बंगळुरूला, जिथे म्हणे मे महिन्यात संध्याकाळी पाऊस पडतो. सुट्टीत आली आणि तिने मला फोनवर एक चित्रफीत दाखवली. तीन मजली केक, दर दोन मजल्यांमध्ये क्रीम, वर क्रीम, चारी बाजूंनी क्रीम. म्हणाली, “आबा, तुम्ही इंजिनिअर आहात ना?”

सार्वजनिक बांधकाम खात्यात अख्खी नोकरी झालेला माणूस या प्रश्नाला नाही कसं म्हणेल? मोऱ्या बांधल्या, विश्रामगृहं बांधली, एका तहसील कचेरीचा दुसरा मजला चढवला. आठ इंची केकचे तीन मजले ते काय.

“बेकरीतून आणा मुकाट्यानं,” आमची ही गच्चीवरून ओरडली. ती कुरडया घालत होती. नवतप्याबद्दल संपूर्ण नागपुरात चांगलं बोलणारी ती एकटीच. सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळी कडकडीत वाळते, याहून अधिक तिला सूर्याकडून काही नको असतं.

काम म्हटलं की आधी अंदाजपत्रक. तिथेच पहिली अडचण आली. पाककृतीत सगळं ‘कप’. कुठला कप? हिच्याकडे चहाचे कप तीन आकारांचे आहेत आणि वाट्यांची तर मोजदादच नाही. अमेरिकन कप 240 मिलिलिटरचा, हे मी शोधून काढलं. पण त्यात मैदा दाबून भरला तर दीडशे ग्रॅम बसतो आणि अलगद भरला तर सव्वाशे. असल्या मापावर आम्ही खात्यात वाळूसुद्धा उचलली नसती. शेवटी वजनकाटा काढला, सगळं ग्रॅममध्ये लिहून घेतलं आणि कागद फ्रिजवर चिकटवला. खाली सहीसाठी जागा सोडली. हिने सही केली नाही.

मग मी दोघींना बेकिंग पावडरीची गोष्ट सांगितली. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधविक्या होता. त्याच्या बायकोला अंडी सोसत नव्हती, म्हणून त्याने बिनअंड्याची कस्टर्ड पावडर काढली. यीस्टही सोसत नव्हतं, म्हणून 1843 साली बेकिंग पावडर तयार केली. ओवीला गोष्ट आवडली. ही म्हणाली, “मला वांगं सोसत नाही. तुम्ही काय शोध लावला?”

यावर मी लोण्याकडे वळलो.

लोणी आणि साखर फेसायची असते ती उगीच नव्हे. साखरेचे अणकुचीदार कण लोण्यात बारीक बारीक पोकळ्या पाडतात, त्यांत हवा अडकते आणि पुढे पावडरीतून सुटणारा वायू त्याच पोकळ्या फुगवतो. पावडर स्वतः नवी पोकळी करत नाही. म्हणजे लोणी घट्ट हवं, पण बोट दाबलं तर उमटेल इतपतच. पातळ झालं की पोकळ्या गेल्या आणि केकची वीट झाली. अठरा-वीस अंशांची खोली आमच्या घरात एकच, एसीची. तिथे दुपारी दोन वाजता ही झोपते. मी पातेलं, बीटर आणि ओवी यांना घेऊन आत शिरलो. बीटर सुरू होताच हिने एक डोळा उघडला आणि म्हणाली, “काय करून राहिले तुम्ही?” ‘फेसतोय’ एवढंच उत्तर दिलं. त्या दुपारी तिने कूस पुष्कळदा बदलली, पण लोणी मात्र असं पांढरंशुभ्र, हलकं झालं, की मी ते तिला उठवून दाखवलं.

ओव्हनचं निराळंच. ‘दहा मिनिटं आधी तापवून घ्या’ असं लिहिलं होतं. बाहेर पंचेचाळीस अंश असताना ते मला चैनीचं वाटलं, तरी नियम म्हणून तापवला. ओव्हन दोन हजार वॅटचा. तिकडे एसी, इकडे ओव्हन, मध्ये कूलरचा पंप. खटका पडला. घराचं वायरिंग माझ्या देखरेखीखाली झालेलं आहे आणि त्या काळच्या भाराला अगदी चोख आहे; त्या काळी घरात फक्त पंखे होते. तेव्हा तह असा ठरला की केक भाजेस्तोवर एसी बंद. झोपलेल्या माणसाचा एसी बंद करणं किती जोखमीचं, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

आता एक गोष्ट अभिमानाने सांगतो. केक मध्येच टेकडीसारखा फुगतो, कारण टिनाची कड आधी तापते, कडेचं मिश्रण आधी घट्ट होतं आणि मधलं बिचारं वर चढत राहतं. मग तो घुमट कापून टाकावा लागतो, नाहीतर वरचा मजला डुगडुगतो. यावर उपाय म्हणजे टिनाभोवती ओल्या कापडाची पट्टी गुंडाळायची, म्हणजे कड थंड राहते. पुस्तकातलं हे वाचून मला भरून आलं. स्लॅबवर ओलं गोणपाट टाकून आम्ही जन्मभर दुसरं काय केलं? एक जुनं बनियन फाडलं, पाण्यात बुडवलं, पिळलं आणि टिनाभोवती टाचणीने अडकवलं. केक बाहेर आला तो सपाट. पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा बरोब्बर मध्ये! ओवीने त्याचा फोटो तिच्या बाबाला पाठवला. त्याने उत्तरात फक्त ‘आई कुठे आहे?’ असं विचारलं.

एकाच स्पंजाचे तीन थर करायला सुरी नको, दोरा घ्यावा. उंची मोजून चारी बाजूंना टूथपिक टोचायच्या, त्यांच्यावर टेकवून शिवणाचा दोरा गुंडाळायचा आणि दोन्ही टोकं एकमेकांना ओलांडून ओढायची. दोरा सुर्रकन आत शिरतो. पण त्याआधी केक गार हवा. किती गार? लिहिलेलंच असतं : ‘खोलीच्या तापमानाला येऊ द्या.’ आमचा केक त्याआधीच तिथे पोचला होता, खोलीच त्याच्याकडे निघालेली होती.

खरी लढाई क्रीमची. घरात असलेलं डब्यातलं क्रीम कितीही फेटा, ते नुसतं तुमच्याकडे बघत राहतं. त्यात स्निग्धांश 25 टक्के असतो. फेटून उभं राहायला 30 तरी लागतो, 35 असला तर उत्तम. घरची साय फेटली तर लोणी येतं, जे आमच्याकडे आधीच पातळ अवस्थेत होतं. केकवाले वापरतात ते वनस्पती तेलाचं गोठवलेलं क्रीम. ते इतवारीत मिळतं. मी डोक्याला दुपट्टा बांधला, लू लागू नये म्हणून हिने खिशात कांदा घातला आणि थर्माकोलचा डबा घेऊन निघालो. दुकानदाराने डब्यात बर्फ भरून दिला आणि ऑपरेशनला निघालेल्या माणसाला सांगावं तसं बजावलं, “साहब, सीधा घर जाना. बीच में कहीं रुकना मत.” सिग्नलवर थांबावं लागलं तेव्हा मी डब्यावर आपली सावली धरून उभा होतो. शेजारच्या स्कूटरवाल्याने आदराने विचारलं, “रक्त आहे काय जी?” मी मान हलवली. पुढची वाट त्याने मोकळी करून दिली.

घरी आल्यावर प्रश्न आला जागेचा. फ्रिजमध्ये आंबे, पन्ह्याच्या बाटल्या, दह्याचं पातेलं, कलिंगडाचं अर्धं आणि ‘हात लावू नका’ असं ज्याच्याकडे पाहून कळतं असं एक झाकलेलं भांडं. तीन मजली इमारतीला एक कप्पा काढल्याशिवाय उंची मिळेना. बोलणी बरीच चालली. अखेर एक कप्पा निघाला, आंबे शेजारी गेले आणि बदल्यात पावसाळ्यापूर्वी गच्चीच्या पन्हाळी साफ करण्याचं मी कबूल केलं.

क्रीमचा लेप दोन हातांत द्यायचा. पहिला पातळ, भुगा धरून ठेवण्यापुरता. मग केक थंडीत ठेवून दुसरा जाड. गिलाव्याचंही तेच. त्यासाठी मी हार्डवेअरच्या दुकानातून नवी कोरी थापी आणली, कारण केकवाल्यांची पातळ सुरी माझ्या हाताला बसेना. पहिला हात सुरेख बसला. दुसरा देताना लक्षात आलं, की इमारत पूर्वेकडे कलते आहे. ओवीला खुर्चीवर उभं करून तिच्या हाती ओळंबा दिला. अर्ध्या इंचाचा फरक होता. मधलं क्रीम मऊ पडून वरचे मजले सरकत होते. ताबडतोब कबाबाच्या चार बांबूकाड्या वरपासून तळापर्यंत ठोकल्या आणि इमारत जागच्या जागी थांबली. मोठे बेकरीवालेही असंच करतात. फुलं काढायची पिशवी मात्र मी हातात धरली तेवढ्यात तळहाताच्या उबेने आतलं क्रीम पातळ झालं, म्हणून गुलाबाऐवजी ठिपके आले. ओवी म्हणाली, ढग आहेत. नवतप्यात ढग कुणाला नको असतात?

संध्याकाळी सात वाजता बाहेर अजून चाळीस अंश. केक बैठकीत आणणं शक्यच नव्हतं, म्हणून समारंभ एसीच्या खोलीत ठेवला. शेजारच्या काकू, त्यांची सून, ओवीच्या तीन मैत्रिणी, त्यांच्या आया, सगळे आमच्या पलंगावर पाय वर घेऊन बसले. आमची गादी एवढ्या लोकांनी कधी पाहिली नव्हती. केक आला. उभा, सरळ, पांढरा. काकू म्हणाल्या, “अगं बाई, घरी केला?” तो क्षण मी अजून जपून ठेवला आहे.

मग मेणबत्त्या लावल्या. सात. प्रत्येक मेणबत्ती म्हणजे एक ज्योत, हे कुठल्याच पाककृतीत लिहिलेलं नसतं. वाढदिवसाचं गाणं मी दुप्पट वेगाने सुरू केलं, पण बायकांनी ते खालच्या पट्टीत, निवांत घेतलं आणि वर मराठीतही म्हटलं. त्यानंतर ओवी डोळे मिटून इच्छा मागत बसली. तिच्या इच्छा पुष्कळ असतात. तोवर दक्षिणेकडचा सगळा लेप हळूच सुटला आणि ताटात येऊन बसला. मजले मात्र जागचे हलले नाहीत. सांगाडा शाबूत होता, हे मी तिथेच सगळ्यांना दाखवून दिलं. उतरला तो गिलावा. ते फिनिशिंगचं काम, आणि आमच्या खात्यात फिनिशिंगचा ठेकेदार वेगळा असतो.

केक चवीला उत्तम झाला होता. सगळ्यांनी दोन-दोनदा घेतला. पण ही मधेच उठली आणि त्याच दिवशी वाळलेल्या कुरडया तळून घेऊन आली. पांढऱ्या, फुललेल्या, ताटाबाहेर जाणाऱ्या. पलंगावर एकदम झुंबड उडाली. काकूंनी तर केकची बशी माझ्या हातात धरायला दिली.

“आबा, पुढच्या वर्षी पाच मजली?” ओवीने विचारलं.

मी मनातल्या मनात आकडेमोड सुरू केलीच होती. जास्तीच्या काड्या लागतील, खालचे थर जरा जाड घ्यावे लागतील, फ्रिजचा आणखी एक कप्पा...

“एकच कप्पा मंजूर आहे,” ही कढईपाशी परत जाता जाता म्हणाली. “त्यात जेवढं बसेल तेवढंच बांधा.”