ऑल-इन्क्लुझिव्हला जाताय? मग एक घोटही सोडू नका

तर तुम्ही दोघांनी बीचवरचं ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट बुक केलंय. अभिनंदन. राहणं, खाणं, पिणं, परत खाणं, सगळ्याचे पैसे आधीच भरून झालेत, आता पाकिटाला हात न लावता आठवडाभर नुसतं निवांत पडायचं असं काही डोक्यात असेल तर ते आत्ताच काढून टाका. पडायला घरी सोफा आहे. पैसे भरलेत म्हणजे आता वसुली करायची, आणि वसुली हे दोन माणसांचं फुल टाइम काम आहे, एकट्याला झेपत नाही, म्हणून तर पॅकेज जोडप्यासाठी असतं.

पहिली चूक लोक बुकिंगलाच करतात. डिस्काउंट घेतात. अजिबात घेऊ नका. १९८५ साली आर्क्स आणि ब्लूमर नावाच्या दोन संशोधकांनी नाटकाच्या सीझन तिकिटांवरचा एक प्रयोग छापला होता, काही लोकांना तिकीट पूर्ण किमतीत दिलं आणि काहींना सवलतीत, आणि झालं काय तर पूर्ण पैसे मोजलेले लोक सीझनच्या पहिल्या अर्ध्या भागात जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. म्हणजे खिसा जितका जास्त कापला जातो तितका माणूस चिवट होतो. डिस्काउंट मिळालेलं जोडपं दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून चक्क झोपतं. लाज वाटली पाहिजे.

पोचल्या पोचल्या रिसेप्शनवर मनगटाला पट्टा बांधतात. लग्नाची अंगठी साबण लावून तरी निघते, हा कात्रीशिवाय निघत नाही. पट्टा बांधून झाला की पहिलं काम समुद्र बघणं नाही, आजूबाजूच्यांची मनगटं बघणं. तुमचा निळा असेल. मग एक सोनेरीवाला दिसेल. तो काही करत नसेल, नुसता उभा असेल, पण त्याला वरच्या फळीवरची बाटली मिळते आणि तुम्हाला खालच्या, एवढं कळलं की पुढचे सात दिवस बोलायला विषय मिळाला. आपण सोनेरी का नाही घेतलं. कोणी नको म्हटलं होतं. मी म्हटलं होतं का? तू म्हटलं होतंस. (हा संवाद दोघांनी आलटून पालटून म्हणायचा, वाक्यं तीच राहतात.)

गंमत म्हणजे ही सगळी भानगड पैशाचा विचार डोक्यातून जावा म्हणून निघाली होती. जेरार ब्लिट्झ नावाचा एक बेल्जियन वॉटर पोलो खेळाडू होता, त्याने १९५० मध्ये मायोर्का बेटावर अल्कुदियाला तंबू ठोकून क्लब मेड या सुट्टीच्या रिसॉर्टवाल्या कंपनीचं पहिलं गाव वसवलं, तंबूत झोपा, सगळ्यांबरोबर एका टेबलावर जेवा, पोहा, संपलं. पुढे त्यांच्या बारवर नोटांऐवजी गळ्यातल्या माळेचे मणी द्यायची पद्धत आली, म्हणजे सुट्टीवर आलेल्या माणसाला पाकीट दिसायलाच नको. आणि आता आपण बघा, पाकीट रूमच्या तिजोरीत ठेवून बारवर तोंडी हिशोब करतोय, माझे सहा झाले, तुझे चारच कसे काय?

असो. सकाळी उठायचं ते साडेपाचला. ऑफिसला जाताना कधी उठला नसाल पण इथे उठायचं, कारण पूलच्या बाजूची सावलीतली जोडखुर्ची सहाला संपते. दोघांपैकी कोण जाणार हे आदल्या रात्रीच ठरवा, पहाटे ठरवायला गेलात तर दोघंही झोपल्याचं नाटक करता. टॉवेल टाकायचा, पण नुसता टॉवेल पुरत नाही, काही ठिकाणी थोडा वेळ कोणी फिरकलं नाही की स्टाफ टॉवेल उचलून ठेवतो, म्हणून वर एक जाड पुस्तक उघडं पालथं, एक चष्मा आणि एक चप्पल ठेवा. एकच. दोन चपला म्हणजे विसरून गेलेला माणूस, एक चप्पल म्हणजे आत्ता येणारा माणूस. नंतर ब्रेकफास्टला एका पायात चप्पल घालून तीन तास बसावं लागतं हे खरं, पण खुर्ची आपली आहे. तिच्यावर बसायला वेळ मिळत नाही, तो वेगळा मुद्दा.

बुफेचं आता नीट ऐका, इथेच खरी कमाई आहे. बुफेची रांग सुरू होते तिथे ब्रेड असतो, मग भात, मग बटाटे, मग पास्ता, सगळं पोट भरणारं आणि त्यांना स्वस्तात पडणारं, आणि महागाचं जे काही असतं ते पार शेवटाला असतं, तिथे पांढरी टोपी घातलेला माणूस सुरी घेऊन उभा असतो आणि तो स्वतःच्या हाताने पातळ पातळ दोन काप तुमच्या ताटात ठेवतो. तोवर ताटात जागा नसते. म्हणून रांगेत उलटं शिरायचं. लोक बघतील, बघू देत, त्यांच्या ताटात बटाटे आहेत. एकाने उलटीकडून जायचं, दुसऱ्याने गोडाच्या टेबलावर टेहळणी करायची, आणि दर दहा मिनिटांनी ड्युटी बदलायची. एका टेबलावर समोरासमोर बसून निवांत जेवायला हे काय घर आहे का.

पोट भरलं असं वाटलं तर घाबरू नका, ते पोट नाही, ती चव कंटाळलेली असते. एकाच पदार्थाला जीभ लवकर विटते, नवा पदार्थ समोर आला की परत तयार होते, म्हणून तर तुडुंब जेवलेल्या माणसालाही गोड जातं. बुफेवर साठ पदार्थ आहेत म्हणजे साठ वेळा नव्याने भूक लागणार. शरीर तुमच्या बाजूने आहे, त्याला साथ द्या. रात्री दोन वाजता ते तक्रार करेल तेव्हा बघू.

दुपार पूलमधल्या बारवर काढायची. पाण्यात बुडालेली स्टुलं असतात, कमरेपर्यंत पाणी, हातात ग्लास, त्यात छोटी छत्री. ही जागा फार लोकप्रिय आहे, माणसं अकराला येऊन बसतात ती चारपर्यंत उठत नाहीत. पाच तास. पीत असतात. उठत नाहीत. मी याच्यावर जास्त बोलणार नाही, फक्त एक माहिती देतो, पूलमध्ये डोळे चुरचुरतात आणि तो 'क्लोरीनचा' वास येतो ना, तो नुसत्या क्लोरीनचा नसतो, क्लोरीन घामात आणि लघवीत मिसळून जे क्लोरामाइन तयार होतं त्याचा असतो. चिअर्स.

क्रीम लावा. तीस एसपीएफचं क्रीम नीट थापलं तर यूव्हीबी किरणं ९७ टक्के अडवतं म्हणतात, पण 'नीट थापलं तर' मध्ये सगळी मेख आहे, आणि दर दोन तासांनी परत लावायचं असतं, पाण्यातून आलात की परत. स्वतःच्या पाठीचा मधला भाग स्वतःला पोचत नाही, तिथे जोडीदार लागतो, आणि ते काम नेमकं सोनेरी पट्ट्यावरून भांडण झाल्यावर निघतं. आमच्याकडे बायकोने रागात एकदाच हात मारला आणि पुस्तक वाचायला लागली. आभाळ होतं म्हणून मीही सोडून दिलं, पातळ ढगांतून बहुतेक यूव्ही आरामात खाली येतं हे मला नंतर कळलं. संध्याकाळी सगळी पाठ लाल आणि मधोमध पाच बोटांचा पांढरा पंजा. चौदा वर्षांच्या संसाराची पावती म्हणून फोटो काढून ठेवलाय.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. चेक-इनला सांगायचं की हनीमून आहे. लग्नाला किती वर्षं झाली ते महत्त्वाचं नाही, हनीमूनवाल्यांना फळांची टोपली आणि एक बाटली फुकट मिळते, आणि फुकटाच्या जागेत परत फुकट मिळणं म्हणजे काय सुख असतं ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. आम्ही सांगितलं. रिसेप्शनवरची मुलगी आमच्या केसांकडे बघून गोड हसली. रूमवर गेलो तर पलंगावर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून, मध्ये हृदयाचा आकार, वर पाकळ्या. हंस मोडायला जीव होईना म्हणून पहिली दुपार आम्ही दोघं दोन खुर्च्यांवर बसून त्या हंसांकडे बघत काढली. तिथवर ठीक होतं. पण रिसॉर्टमध्ये ही बातमी पसरते हो. वेटर अभिनंदन करतो, माळी अभिनंदन करतो, संध्याकाळी माइकवाला सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावतो आणि न्यूली मॅरीड कपलने स्टेजवर येऊन नाचायचं असतं. आम्ही नाचलो. माझा गुडघा धरला. मग मेणबत्तीवाल्या टेबलावर बसवलं, तिथे व्हायोलिनवाला येऊन तुमच्या कानाशी वाजवतो आणि जात नाही, आणि त्याच्यासमोर एकमेकांच्या डोळ्यांत बघत काहीतरी हळू बोलावं लागतं. बायको माझा हात हातात घेऊन अत्यंत प्रेमाने म्हणाली, "अरे, इथे बसलो तर तिकडे बुफे बंद होईल." व्हायोलिनवाल्याला मराठी येत नव्हतं, त्याचे डोळे भरून आले.

तिसऱ्या दिवशी एक फार हसरा माणूस भेटेल. नव्वद मिनिटांचं छोटंसं प्रेझेंटेशन आहे, काही विकायचं नाहीये, फक्त माहिती, आणि आलात तर ब्रेकफास्ट आमच्याकडून. ब्रेकफास्ट तुम्हाला मिळतोच आहे हे त्याला सांगू नका, त्यालाही माहितीये. आम्ही गेलो कारण त्याने आ ला कार्ट, म्हणजे बुफे नाही तर मेन्यू बघून मागवायच्या रेस्टॉरंटचं रिझर्व्हेशन देतो म्हटलं. हे रेस्टॉरंटही पॅकेजमध्ये असतं बरं का, फक्त त्याचं रिझर्व्हेशन तुम्ही याल त्याच्या आदल्या दिवशी भरलेलं असतं. म्हणजे आपलंच जेवण आपल्याला बक्षीस म्हणून मिळवायला आपण साडेतीन तास टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमधले वर्षातले ठरावीक दिवस विकत घ्यायची स्कीम, ऐकला. नाही म्हणायचं असतं, इतकंच लक्षात ठेवा, दोघांनी एकाच वेळी नाही म्हणायचं असतं, एकाने "पण ऐकून तर घेऊ" म्हटलं की मॅनेजर येतो, मग त्याचा मॅनेजर येतो.

समुद्र? हो, समुद्र असतो. पाचव्या सहाव्या दिवशी आठवतो. आणि नेमका त्या दिवशी लाल झेंडा लागलेला असतो. इथे हुज्जत घालायला हरकत नाही, समुद्र ब्रोशरच्या कव्हरवर आहे, पॅकेजमध्ये आहे, मग बंद कसा, मॅनेजरला बोलवा. पण पाण्यात मात्र खरंच जाऊ नका, इथे मी चेष्टा करत नाहीये. रिप करंट माणसाला आत ओढून नेतो, त्याच्या विरुद्ध पोहत किनाऱ्याकडे यायला गेलं की दम संपतो, सापडलातच तर घाबरायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत आधी त्या प्रवाहातून बाहेर पडायचं आणि मग वळायचं. एवढं सोडून बाकी सगळं विसरलात तरी चालेल. बाकी इन्फिनिटी पूलच्या कडेला एकटेच असल्याचा फोटो काढायला रांग लागते, त्यात उभे राहा.

शेवटच्या दिवशी चेकआउट बाराला आणि बस साडेचारला. मधल्या साडेचार तासांत रूम नाही, ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत, बॅगा लॉबीत, आणि तरीही लोक उदास चेहरे करून सोफ्यावर बसून राहतात, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. पट्टा आहे ना हातात? आमचा कापायला रिसेप्शनवाली कात्री घेऊन आली तेव्हा आम्ही दोघांनी हात पाठीमागे घेतले. हनीमूनवाले म्हणून तिनेही ताणलं नाही. साडेचारपर्यंत बायकोने दोन कॉफ्या, तीन केक आणि कधी न प्यायलेलं एक हिरवं पेय संपवलं, मी नुसतं आइस्क्रीम, पण सातत्याने. बस आली तेव्हा दोघांच्या हातात कोन होते. ड्रायव्हर म्हणाला बसमध्ये चालणार नाही. अशा वेळी वाद घालत बसायचं नसतं. खाली उभं राहून संपवायचा, पळत जाऊन अजून एक आणायचा, तोपर्यंत दुसऱ्याने बसच्या दारात एक पाय ठेवून उभं राहायचं.